हक्काचे पाणी

मुंबईतील अनेक झोपडपट्ट्यांमध्ये दिवस उजाडतो तो हंडे-कळशांच्या आवाजाने. सार्वजनिक नळाला पाणी ठरावीक वेळीच येते. ती वेळ साधण्यासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या बाईच्या कामाचा कधी खाडा होतो, तर कधी मुलीची शाळा बुडते. ज्यांच्याकडे नळजोडणी नाही, त्यांना पाणी विकत घ्यावे लागते आणि ते महापालिकेच्या दराहून कितीतरी महाग पडते. ज्याची मिळकत कमी, त्यालाच पाण्याची किंमत अधिक मोजावी लागते!

अशा वस्तीत माणसे का राहतात? रोजगार शहरात असतो. मात्र तेथील घर परवडत नाही. धारावीचे उदाहरण घ्या. खाडीकाठच्या कोळीवाड्याभोवती ही वस्ती वाढली. सौराष्ट्रातून कुंभार आले, तमिळनाडूतून चामडे कमावणारे आले. आजही तेथे मडकी घडतात, चामड्याच्या वस्तू शिवल्या जातात आणि शहराने टाकून दिलेले प्लास्टिक वेगळे करून पुन्हा उपयोगात आणले जाते. येथे कष्टांची उणीव नाही. उणीव आहे ती पाणी, शौचालय आणि सांडपाण्याच्या सोयींची. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे साडेसहा कोटी लोक झोपडपट्ट्यांत राहत होते.

या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे. मुंबईतील पदपथवासीयांच्या प्रकरणात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. मात्र पदपथावर कायम राहण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही. पुढे २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने, झोपडी अनधिकृत आहे एवढ्याच कारणाने तेथील माणसाला पिण्याचे पाणी नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. पाणी दिल्याने झोपडी अधिकृत ठरत नाही, हेही न्यायालयाने सांगितले. घर अनधिकृत असू शकते. तहान अनधिकृत कशी असेल?

शब्दार्थ
खाडा – कामावरील गैरहजेरी
उपजीविका – पोट भरण्याचे साधन
पदपथवासी – पदपथावर राहणारे लोक

पाठावरील प्रश्न
१. पाण्याच्या टंचाईचा स्त्रिया व मुली यांच्यावर काय परिणाम होतो?
२. ‘येथे कष्टांची उणीव नाही’ हे विधान उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
३. तुमच्या परिसरातील एखाद्या वस्तीत पाणी कसे मिळते, याची माहिती घेऊन आठ-दहा ओळी लिहा.