भट्ठी आपली, नाला त्यांचा

१. दोन सरकारांनी करारावर सह्या केल्या म्हणजे दोघांनाही तो मनापासून हवा असणार, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. भिलाईत वाढलेल्याला तसं वाटणारच. आमचा कारखानाच २ फेब्रुवारी १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला आणि १९५९ मध्ये पहिली ब्लास्ट फर्नेस पेटलीसुद्धा. त्यात हरलं कुणीच नाही. पुढे रिकामपणी दारूच्या तस्करीविरुद्धचे करार वाचायला घेतले, तेव्हा ध्यानात आलं की इथं एकाची बंदी पाळायची तर दुसऱ्याच्या गल्ल्याला भोक पडतं.

२. बडी सरकारंही यात किती घासाघीस करतात, याची मला मोठी गंमत वाटली. अमेरिकेत १९२० पासून दारूबंदी. माल भरलेली ब्रिटिश निशाणाची जहाजं सागरी हद्दीबाहेर नांगर टाकून उभी राहायची आणि लहान होड्या रात्री पेट्या उतरवून न्यायच्या. १९२४ मध्ये ब्रिटननं मान्य केलं की किनाऱ्यापासून तासाभराच्या अंतरातलं संशयित जहाज अमेरिकेनं खुशाल तपासावं. फुकट मात्र नाही! आपल्या जहाजांवरची दारू सीलबंद करून अमेरिकी बंदरात आणायची सवलत त्यांनी पदरात पाडून घेतली.
मग १९२९ मध्ये ‘आय’म अलोन’ नावाचं कॅनडाचं जहाज अमेरिकी तटरक्षकांनी पाठलाग करून मेक्सिकोच्या आखातात बुडवलं. एक खलाशी गेला. प्रकरण आयोगापुढे चाललं आणि १९३५ मध्ये निवाडा आला की अमेरिकेनं कॅनडाची माफी मागावी, वर २५,००० डॉलर द्यावेत. जहाजाचे आणि मालाचे पैसे मात्र नाहीत, कारण कागदावर कॅनडाचं असलेलं ते जहाज चालवत होते मुख्यतः अमेरिकीच. तोवर दारूबंदी उठूनही वर्ष उलटून गेलं होतं.

३. पकडणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याच्या हातात जास्त असतं, हे मला कॅनडानं शिकवलं. अमेरिकेकडे निघालेल्या दारूला कॅनडाचे अधिकारी रीतसर परवाना देत असत. १९३० मध्ये कायदा करून त्यांनी तो देणं थांबवलं. स्वतःच्या महसुलावर पाणी सोडून केलेली ही मदत मला तरी सगळ्या गस्ती-नौकांपेक्षा मोठी वाटते.

४. एवढं जगभर फिरून मी आलो कुठे, तर मेहुणीच्या अंगणात. बायकोची ही थोरली बहीण, आमच्या ताई, गडचिरोली जिल्ह्यात, आमच्या छत्तीसगडच्या हद्दीलगत राहतात. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी. गावातल्या बायकांबरोबर त्याही दारू पकडायला जातात. “भाऊजी, तुमच्या राज्याच्या शिश्या आमच्या नाल्यात निघतात जी,” म्हणाल्या, आणि एक चपटा पव्वा पुढ्यात ठेवला. झाकणाजवळ अर्धवट खरवडलेला होलोग्राम, लेबलवर ‘देशी मदिरा मसाला’ आणि खाली, फक्त छत्तीसगडमध्ये विक्रीसाठी. आमच्याकडे दारूच्या दुकानाला सगळे भट्ठीच म्हणतात आणि २०१७ पासून ती सरकारी महामंडळच चालवतं. म्हणजे पकडायचं कुणाला? मी चहा घेत राहिलो.

५. ही दारू रोखणं सरकारांना जमत नाही, असं मात्र नाही. निवडणूक आली की दोन्हीकडचे कलेक्टर, एसपी बैठका घेतात, नाकी लागतात, मतदान संपेपर्यंतचे ४८ तास दुकानं बंद. २०२४ मध्ये गडचिरोली-चिमूरचं मतदान १९ एप्रिलला, आमच्या बाजूच्या राजनांदगावचं २६ ला. तेवढ्यापुरतं सगळं चोख. मग पुन्हा हद्द ओलांडणारा मुरूमगाव-मानपूर रस्ता आपला मोकळा.

६. दोष एकट्या पोलिसांचा नाही, हे उशिरा पटलं. राज्यघटनेनं दारू राज्यांच्या यादीत ठेवली आहे, जीएसटीनंही पिण्याची दारू बाहेरच ठेवली. जो तो आपली तिजोरी बघणार. शिवाय सगळंच हद्दीपलीकडून येतं असंही नाही. मोहाची दारू गडचिरोलीच्याच जंगलात गाळली जाते, आणि ताईंचा गट तीही ओतून टाकतो.
ताईंची मागणी साधी आहे: हद्दीजवळच्या भट्ठ्या आत हलवा. मी म्हटलं, महसूल बुडेल. “किती बुडते ते सांगा तरी,” त्या म्हणाल्या. तो आकडा माझ्याजवळ नव्हता. अर्ज मात्र लिहून दिला, हिंदीत, कारण तो आमच्या सरकारला जायचा होता.