जळलेल्या डोंगराच्या वाटेवरील धडा

जालना जिल्हा बहुतांशी शेतांचा व उघड्या माळांचा. त्यात जंगल फार थोडे. तथापि भोकरदन तालुक्याच्या उत्तरेस अजिंठ्याची रांग आहे, आणि तीच रांग धरून पश्चिमेस गेले असता कन्नडजवळ गौताळा औट्रमघाट अभयारण्य लागते. ते १९८६ साली स्थापन झाले. ह्या डोंगरांत साग, सालई, पळस, टेंभुर्णी अशी पानगळीची झाडे आहेत. हिवाळा सरता पाचोळा पडतो, गवत वाळते, आणि तेव्हापासून मृगाच्या पावसापर्यंत विडीचे एक थोटूकही वणवा पेटविण्यास पुरे होते. अशा जळलेल्या डोंगराच्या वाटेने पावसाळ्यात चालणाऱ्याने काय पाहावे, हे आज आपण शिकू.

पहिली गोष्ट, हिरवळीने फसू नये. पाऊस पडून थोडे दिवस होतात न होतात तोच काळा डोंगर हिरवा दिसू लागतो. म्हणून पुष्कळ लोक म्हणतात, "डोंगर जाळला म्हणजे गवत चांगले येते." हे बोलणे पारखून घेतले पाहिजे. गवताचा कोंब जमिनीलगत सुरक्षित असतो. कुसळीच्या बियांचे शेपूट ओल लागली की पिळ्यासारखे फिरते व बी मातीत रुतविते. तेथे आगीची धग फारशी पोहोचत नाही. पळस व टेंभुर्णी मुळांतून पुन्हा फुटतात. तेव्हा ही हिरवळ आगीने दिलेली नव्हे. ती मुळांनी साठविलेल्या पुंजीतून आली आहे. राखेचे थोडे खत होते खरे. परंतु उतारावरची बरीच राख पहिल्या जोराच्या पावसाबरोबर ओढ्यात जाते. जो शेतकरी दरवर्षी बियाण्याची कणगी फोडून खातो, त्याच्या घरीही एक वर्ष सुकाळ दिसतो.

दुसरी गोष्ट, जे नाही ते मोजावे. वाटेच्या दोहों बाजूंस गुडघाभर उंचीची रोपे किती आहेत ते पाहा. जो डोंगर वर्षानुवर्षे जळतो, तेथे जाड सालीची जुनी झाडे उभी दिसतात, पण त्यांची लेकरे दिसत नाहीत. म्हातारी झाडे पडली म्हणजे त्यांच्या जागी कुसळी व घाणेरी माजते. तितर व टिटवी जमिनीवर अंडी घालतात; तीही वणव्यात जातात.

तिसरी गोष्ट, ओढ्याचे पाणी पाहावे. पाचोळा व गवत असले म्हणजे पावसाचा मार त्यांवर बसतो आणि पाणी हळूहळू जमिनीत मुरते. उघड्या उतारावरून ते माती घेऊन धावत सुटते. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी पूर्णा आमच्याच जिल्ह्यातून वाहते. वरची माती गेली तर खालच्या विहिरींस त्याची झळ लागते. २०१२-१३ साली जालन्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या, त्याचे कारण पाऊस कमी पडला हे होते, वणवा नव्हे. परंतु जेथे पाऊसच तुटपुंजा, तेथे पाणी अडवून धरणारे आच्छादन जाळून टाकणे शहाणपणाचे कसे म्हणावे?

कोणी विचारील, इतर देशांत जळलेली अरण्ये पुन्हा वाढत नाहीत काय? वाढतात. अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग १९८८ साली आगीत सापडला. तेथील एका जातीच्या पाइन झाडाची पुष्कळ फळे राळेने बंद असतात व आगीच्या उष्णतेने उघडून बी पडते; त्यामुळे तेथे नवे रान उगवले. पण तशी मोठी आग तेथे शेकडो वर्षांनी येते. आमच्याकडे मात्र बहुतेक वणवे माणसाच्या हाताने लागतात: कोणी मोहाची फुले वेचण्यासाठी पाचोळा जाळतो, कोणी बांध पेटवून घरी जातो. जंगलास सावरावयास अवधीच मिळत नाही.

चौथी गोष्ट, चालणाऱ्याने स्वतःस जपावे. जळून पोकळ झालेल्या झाडाखाली विसावा घेऊ नये. उन्हाळ्यात धूर दिसला तर चढणीकडे पळू नये, कारण आग उतारावरून वर फार वेगाने चढते; नांगरलेले शेत, उघडा खडक किंवा कोरडे रुंद पात्र गाठावे. तमिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरात ११ मार्च २०१८ रोजी पायी फिरावयास गेलेली माणसे वणव्यात सापडली व वीसहून अधिक दगावली.

१९२७ च्या वन कायद्याप्रमाणे राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा आहे. आणि ज्यांस जंगलात चराईचा किंवा सरपणाचा हक्क आहे, त्यांनी आगीची वर्दी देणे व ती विझविण्यास मदत करणे हे त्यांचे कर्तव्य ठरविले आहे. म्हणून धूर दिसताच वनरक्षकास व पोलीस पाटलास कळवावे, आणि उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढण्याच्या कामास गावाने हात लावावा.

वर्गात विचारावयाचे प्रश्न:

१. जळलेल्या डोंगरावरची हिरवळ कोठून येते?

२. जुनी झाडे उभी असूनही जंगल मरत आहे, हे कशावरून ओळखावे?

३. आपल्या गावी बांध कोण जाळतो, आणि त्याच्याशी कोण बोलेल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पाटीवर लिहून भागणार नाही. त्यासाठी होळीच्या आधी त्याच्या घरी जावे लागेल.