छावणीतील फासे आणि मैसिरची मनाई

सैनिकाच्या आयुष्यात लढाईचे दिवस थोडे आणि प्रतीक्षेचे दिवस फार असतात. हाती वेतन, मनात मृत्यूचे भय आणि समोर रिकामा वेळ. अशा वेळी जुगार छावणीत सहज शिरतो. रोमन सैनिकांच्या तळांच्या उत्खननातही फासे सापडले आहेत. या व्याधीवर राजांनी कोणता उपाय केला आणि अल्लाहने कोणती आज्ञा दिली, हे वाचकांनी ताडून पाहावे.

इ. स. ११९० मध्ये तिसऱ्या क्रूसयुद्धासाठी निघालेले इंग्लंडचा राजा रिचर्ड आणि फ्रान्सचा राजा फिलिप सिसिली बेटावरील मेसिना येथे हिवाळ्यासाठी थांबले. तेथे त्यांनी जुगाराविषयी नियम केले. सरदार आणि पाद्री यांनी एका दिवस-रात्रीत वीस शिलिंगांपेक्षा अधिक हरू नये. हरल्यास शंभर शिलिंग दंड. सामान्य शिपाई आपापसांत खेळताना सापडला, तर तीन दिवस सैन्यासमोर उघड्या अंगावर फटके. खलाशाला तीन दिवस सकाळी समुद्रात बुचकळायचे. राजांनी मात्र मर्जीप्रमाणे खेळावे!

जुगार घातक आहे, हे त्या राजांनाही कळले होते. पण त्यांनी त्याचा निषेध केला नाही. केवळ दर्जानुसार वाटणी केली. गरिबाचा तो अपराध, श्रीमंताची ती करमणूक.

आता कुरआनकडे वळा. अज्ञानकाळात अरब लोक उंट कापून त्याचे वाटे बाणांच्या सोडतीने ठरवीत. दहा बाणांपैकी सात जिंकणारे, तीन कोरे. हरणाऱ्याने उंटाची किंमत द्यायची आणि मांस पुष्कळदा गरिबांना वाटले जाई. हेच मैसिर. सूरह बकराच्या २१९व्या आयतीने त्यातील लाभ नाकारला नाही. त्याचे पाप लाभाहून मोठे असल्याचे सांगितले. पुढे सूरह माइदाच्या ९० व ९१ या आयतींनी ते सर्वांसाठी निषिद्ध केले आणि कारणही दिले: सैतान त्याद्वारे तुमच्यात वैर व द्वेष पेरतो आणि अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून तुम्हाला रोखतो.

हे कारण सैनिकाला लावून पाहा. रात्री ज्याने आपले वेतन जिंकून नेले, त्याच्याच खांद्याला खांदा लावून सकाळी लढायचे असते. शिवाय सूरह निसाच्या १०२व्या आयतीत शत्रूसमोरही जमाअतने नमाज कशी अदा करावी, हे शिकवले आहे. रणांगणातही जी नमाज सुटत नाही, ती फाशांपायी का सुटावी?

इस्लामने रिकामा वेळ रिकामा ठेवला नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी घोड्यांच्या शर्यती लावल्या, तिरंदाजीस उत्तेजन दिले, मशिदीत हबशींचे भाल्यांचे खेळ पाहिले. अशा शर्यतीत त्रयस्थाने किंवा एकाच पक्षाने बक्षीस ठेवणे वैध आहे. दोन्ही पक्षांनी पैसे लावून हरणाऱ्याचे जिंकणाऱ्याने घेणे, हे मैसिर होय. मुसलमानांच्या छावण्या नेहमीच त्यापासून मुक्त राहिल्या, असे इतिहास म्हणू देत नाही. पण आज्ञा स्पष्ट होती.

आज ती छावणी आपल्या मुलाच्या मोबाइलमध्ये आहे. ‘थोडेच पैसे लावले’ हा युक्तिवाद वीस शिलिंगांच्या मर्यादेचाच आहे. मुलाला केवळ दटावू नका. मैदान द्या, सोबत द्या, आणि आधी स्वतः पत्ते खाली ठेवा. बापाला सूट आणि मुलाला शिक्षा, हा मेसिनाचा कायदा आहे, कुरआनचा नव्हे.

अल्लाह आपली घरे हलाल कमाईने समृद्ध करो. आमीन.