सर्वेक्षणाची बोट दिसली तर

बाळा, मुरगावच्या बाजूला पाहुण्यांना घेऊन डायव्हिंगला जायला लागलास, तेव्हा हे नीट ऐक. पावसाळा सरून पाणी निवळलं की तुमचा हंगाम सुरू होतो, आणि संशोधनवाल्यांचाही तेव्हाच. भांगाच्या भरतीला पाण्याची ओढ कमी, म्हणून दोघंही तेच दिवस धरतात. त्यामुळे बुडालेल्या जहाजावर आज आपण एकटेच असू, असं कधी गृहीत धरू नकोस. आदल्या संध्याकाळीच जेटीवर चौकशी कर.

बोटीवर तीन काळ्या खुणा एकाखाली एक दिसल्या, वर गोळा, मध्ये चौकट, खाली गोळा, तर तिला तुझ्यासाठी बाजूला होता येणार नाही असं समज. रात्री तांबडा, पांढरा, तांबडा दिवा. तिच्या मागून तर मुळीच जाऊ नकोस. पाणी मोकळं दिसतं, पण सोनारचं यंत्र लांब केबलला बांधून मागे, पाण्याखालून ओढत असतात. ती ताणलेली केबल डायव्हरला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

त्या बोटीला व्हीएचएफ रेडिओच्या चॅनेल 16 वर हाक मार, मग ते सांगतील त्या चॅनेलवर जा. ठिकाण, पाण्यात किती जण, किती वाजता उतरणार, किती वाजता वर येणार, सगळं सांग. सगळे वर आले की पुन्हा कळव. ही दुसरी हाक लोक विसरतात आणि समोरचे बिचारे काम थांबवून वाट बघत राहतात. पांढरा-निळा अल्फा झेंडा लावच, पण प्रत्येक होडीवाला तो ओळखेल या भरवशावर राहू नकोस. एक जाणता माणूस निव्वळ नजर ठेवायला वर बसव.

खाली असताना इंजिनाचा आवाज आला तर तो कुठून येतो ते शोधत बसू नकोस. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगानं धावतो, दोन्ही कानांवर जवळजवळ एकदमच पोचतो, आणि दिशा कळत नाही. अशा वेळी घाबरून वर निघालेला पाहुणा थेट पंख्याखाली सापडू शकतो. त्याचा हात धर, आधी नारिंगी बोया वर सोड, मग दोरीच्या आधारानं सावकाश वर या. आपल्या बोटीवरून शिडी ठोकून परत बोलवायची खूण उतरण्याआधीच ठरवा.

तळाशी संशोधकांनी आखलेल्या दोऱ्या, आकडे लिहिलेले बिल्ले दिसले तर हात लावायचा नाही, फिन मारून गाळ उडवायचा नाही. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांना सेंट जॉर्ज रीफवर बासेल मिशनचा छाप आणि 1865 साल असलेली विटा-कौलं मिळाली, म्हणून ती कुठल्या कारखान्याची ते कळलं. सुंची रीफवर हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी निघाली आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या पोर्तुगीज जहाजाचा माग लागला. छापाचं ते कौल कुणी घरी शोभेला नेलं असतं तर? पाहुण्यांना उतरण्याआधी हे सांगच. ऐकून घेतात ते, मन लावून ऐकतात.

आणि काही नवीन दिसलंच, तर आहे तिथेच राहू दे. शेजारी पट्टी धरून फोटो काढ, खोली लिहून घे, वर येऊन जीपीएसची जागा नोंदव आणि त्याच दिवशी संस्थेला कळव.