खाजणाची कड कोण खातं?

प्रश्न : मुलीकडे बोस्टनला गेले होते, तेव्हा आम्ही प्लम आयलंडला गेलो. तिथल्या खाजणात ओहोटीच्या वेळी गवतासकट मातीची मोठमोठी ढेपं ओहोळात कोसळलेली दिसली. ही पडझड हरिकेनमुळे होते का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तसं वाटणं साहजिक आहे, पण हरिकेनचा वाटा फार थोडा असतो. तिथल्या थंडीत आपल्यासारखी कांदळवनं तग धरत नाहीत, म्हणून खाजणात गवतच वाढतं. त्याच्या मुळांनी वरचा थर घट्ट विणलेला असतो. खाली मात्र मऊ चिखल. उघड्या खाडीकडच्या बाजूला लाटा हा चिखल पोखरतात, वरचा थर अधांतरी राहतो आणि एक दिवस कोसळतो.

मोठ्या वादळात पाणी इतकं चढतं की कड पूर्ण बुडते आणि लाटा तिच्यावरून निघून जातात. मध्यम वाऱ्याच्या लाटा मात्र थेट कडेवर आदळतात, आणि असा वारा महिन्या-दोन महिन्यांनी सुटतच असतो. अमेरिका, इटली आणि ऑस्ट्रेलियातल्या खाजणांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दीर्घकाळाच्या झिजेत भीषण वादळांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी निघाला.

तुम्ही पाहिलेल्या आडोशाच्या ओहोळांत लाटांचा जोर कमी असतो. तिथे बर्फ आणि भरती-ओहोटीही कड झिजवतात. पण आणखी एक कारण याच प्लम आयलंडच्या खाजणात सापडलं. शास्त्रज्ञांनी तिथल्या काही ओहोळांत नऊ वर्षं भरतीच्या पाण्याबरोबर खत सोडलं. एरवी खतं आणि सांडपाण्यातून जसा नायट्रोजन येतो, तसाच तो यातून मिळाला. गवत वर जोमानं वाढलं, पण अन्न आयतं मिळाल्यामुळे मुळं कमी धरली. चिखलातले जिवाणूही जास्त कामाला लागले आणि मातीला धरून ठेवणारा कुजका पालापाचोळा भराभर संपला. काठांना भेगा पडल्या, ढेपं ओहोळात घसरली. हे निष्कर्ष २०१२ साली ‘नेचर’मध्ये आले.

थोडी झीज स्वाभाविकच आहे. सुटलेला काही गाळ भरतीबरोबर खाजणावर चढतो आणि त्याची उंची राखतो. झीज वाढली, तर अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी कडेच्या पायथ्याशी काथ्याचे जाड लोळे लावतात. नारळाचा तोच काथ्या, जो तुमच्या अंगणात सोडणातून निघतो! त्यावर लाट मोडते, गाळ साचतो आणि काथ्या कुजेपर्यंत नवं गवत मूळ धरतं. शेवटी कड तोलून धरतात ती मुळंच. म्हणून खाजण राखायचं, तर त्यात येऊन मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याचं पाणी आधी स्वच्छ हवं.