एम. ए.नंतर परिचारिका

आमच्या वडगाव रासाईसारख्या भीमाकाठच्या गावातील मुलीने एम. ए. झाल्यावर परिचर्याशास्त्राची उच्च पदवी घ्यायचे ठरविले, तर वाट कोणती? मी चौकशी केली. समाजशास्त्राची एम. ए. प्रवेशाला उपयोगी पडत नाही. बारावीचे विषय विचारतात. बी. एस्सी. नर्सिंगला भौतिक, रसायन व जीवशास्त्र हवेच. कलाशाखेला मोकळी आहे ती तीन वर्षांची जी. एन. एम. पदविका, बारावीला एकूण व इंग्रजीत ४० टक्के गुण पुरतात. मग परिचारिका म्हणून नोंदणी, दोन वर्षांची पोस्ट बेसिक पदवी, वर्षभर प्रत्यक्ष काम आणि दोन वर्षांची एम. एस्सी. बेरीज आठ वर्षे! तेविसाव्या वर्षी निघालेली मुलगी एकतिशीला पोहोचणार, तोवर घरात लग्नाचा विषय थांबेल काय?

पुण्यात १९०९ साली स्थापन झालेल्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण देवविले. तेव्हा अडचण लोकलज्जेची होती. आज ती वर्षांची व फीची आहे. शिवाय जी. एन. एम.ला वयाची मर्यादा ३५ आहे, म्हणजे फार रेंगाळून चालत नाही.

मी पदविकेचाच अर्ज भरला आहे. एम. ए.नंतर पदविका, हे वडिलांना अजून पटलेले नाही.