घटक 4 : संशोधनपर विधानाची भाषा – ‘नंतर’, ‘मुळे’ आणि ‘नसती तर’

4.0 उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला –
● कालक्रम सांगणारे विधान आणि कार्यकारणसंबंध सांगणारे विधान यांतील फरक स्पष्ट करता येईल.
● मोठ्या क्रीडास्पर्धांच्या परिणामांविषयीची विधाने चिकित्सकपणे वाचता येतील.
● लघुउद्योगांनी नवे तंत्रज्ञान स्वीकारल्याविषयीचे निष्कर्ष काटेकोर मराठीत मांडता येतील.

4.1 प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ‘ऑलिंपिकमुळे शहराची भरभराट झाली’, ‘विश्वचषकामुळे छोट्या व्यावसायिकांनी आधुनिक तंत्रज्ञान आत्मसात केले’ अशा आशयाची वाक्ये आपण वृत्तपत्रांत, शासकीय अहवालांत आणि संशोधनलेखांतही वाचतो. व्याकरणदृष्ट्या ही वाक्ये निर्दोष असतात. ती खरी आहेत की नाहीत, हे मात्र बहुतेकदा ‘मुळे’ या एका शब्दयोगी अव्ययावर ठरते. सार्वजनिक निधी कोठे खर्च करावा, कोणती वस्ती वा कोणते दुकान हलवावे, यांसारखे निर्णय अशा विधानांच्या आधारे घेतले जातात. म्हणून भाषेच्या अभ्यासकाने ही विधाने बारकाईने तपासणे आवश्यक आहे. प्रस्तुत घटकात आपण मुख्यतः 2012 च्या लंडन ऑलिंपिकचे उदाहरण घेणार आहोत.

4.2 ‘होईल’ आणि ‘झाले’

स्पर्धांच्या आर्थिक परिणामांवरील लेखन दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात स्पर्धेपूर्वी केलेले अंदाज येतात. त्यांची क्रियापदे भविष्यकाळी असतात. दुसऱ्या प्रकारात स्पर्धा आटोपल्यावर प्रत्यक्ष आकडेवारीवरून काढलेले निष्कर्ष येतात.

या दोहोंमधील अंतर किती असू शकते, हे 1994 च्या फुटबॉल विश्वचषकावरून दिसते. अमेरिकेतील नऊ ठिकाणी झालेल्या या स्पर्धेपासून सुमारे 4 अब्ज डॉलरचा लाभ होईल, असा पूर्वअंदाज होता. रॉबर्ट बाडे आणि व्हिक्टर मॅथेसन या अर्थशास्त्रज्ञांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यजमान शहरांना एकत्रितपणे 5.5 ते 9.3 अब्ज डॉलरचा तोटा झाला असावा, असा निष्कर्ष काढला.

असे का घडते? याची तीन प्रमुख कारणे सांगितली जातात. पहिले, प्रतिस्थापन : स्थानिक प्रेक्षक तिकिटावर जो पैसा खर्च करतो, तो त्याने एरवी नाटकावर किंवा उपाहारगृहात खर्च केला असता. दुसरे, विस्थापन : गर्दी आणि महागाई टाळण्यासाठी नेहमीचे पाहुणे त्या काळात शहराकडे फिरकत नाहीत. तिसरे, गळती : मिळालेल्या उत्पन्नाचा मोठा वाटा बाहेरच्या कंपन्यांकडे जातो. पूर्वअंदाजात जमेची बाजू येते. ही वजाबाकी अनेकदा राहून जाते.

4.3 ‘नंतर’ आणि ‘मुळे’

पारंपरिक व्याकरणात ‘नंतर’ हे कालवाचक, ‘मुळे’ हे करणवाचक आणि ‘साठी’ हे हेतुवाचक शब्दयोगी अव्यय मानले जाते. पुढील तीन वाक्ये पाहा.

(अ) ऑलिंपिकसाठी लंडनमध्ये कॉन्टॅक्टलेस देयक पद्धतीचा प्रसार करण्यात आला.
(आ) ऑलिंपिकनंतर लंडनमध्ये कॉन्टॅक्टलेस देयक पद्धती वाढली.
(इ) ऑलिंपिकमुळे लंडनमध्ये कॉन्टॅक्टलेस देयक पद्धती वाढली.

कार्ड यंत्रात न घालता केवळ जवळ धरून पैसे चुकते करण्याची ही पद्धत होय. वाक्य (अ) मध्ये हेतू आहे, (आ) मध्ये कालक्रम आहे आणि (इ) मध्ये कार्यकारणसंबंध आहे. आता घटनाक्रम पाहू. ब्रिटनमध्ये अशी कार्डे सप्टेंबर 2007 मध्येच बाजारात आली होती. ऑलिंपिक स्पर्धा 27 जुलै ते 12 ऑगस्ट 2012 या काळात झाली. स्पर्धास्थळी रोख रक्कम किंवा प्रायोजक असलेल्या व्हिसा कंपनीचीच कार्डे चालत होती, आणि कॉन्टॅक्टलेस पद्धतीचा या कंपनीने तेथे प्रचार केला. डिसेंबर 2012 पासून लंडनच्या बसगाड्यांमध्येही अशी कार्डे स्वीकारली जाऊ लागली.

या माहितीवरून वाक्य (अ) आणि (आ) यांना आधार मिळतो. (इ) ला तो अद्याप मिळालेला नाही. तंत्रज्ञान पाच वर्षे आधीच आले होते, बँका कार्डे वाटत होत्या आणि वाहतूकव्यवस्थेचाही त्याला हातभार लागला. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने नवे यंत्र घेतले, ते यांपैकी कशामुळे, हे घटनाक्रमावरून ठरविता येत नाही. एक गोष्ट दुसरीच्या मागून आली, एवढ्यावरून ती तिच्यापासून उद्भवली, असे म्हणणे हा तर्कदोष आहे. ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला’ ही आपली म्हण नेमके हेच सांगते.

स्वयं-अध्ययन प्रश्न 1 : वरील (आ) आणि (इ) या वाक्यांच्या अर्थातील फरक दोन वाक्यांत लिहा.

4.4 संकेतार्थाचे महत्त्व

मग ‘मुळे’ केव्हा लिहावे? ‘स्पर्धा झाली नसती, तर ही वाढ झाली नसती’ असे म्हणता येईल तेव्हा. मराठी व्याकरणात क्रियापदाच्या अशा अर्थाला संकेतार्थ म्हणतात. ‘मुळे’ असलेल्या प्रत्येक विधानामागे असे एक संकेतार्थी वाक्य दडलेले असते.

अडचण अशी, की न घडलेले कोणालाच पाहता येत नाही. म्हणून संशोधक तुलनेचा आधार घेतात. समजा, स्पर्धास्थळाजवळच्या 100 दुकानांपैकी आधी 20 दुकाने डिजिटल देयके घेत होती आणि नंतर 50 दुकाने घेऊ लागली. स्पर्धा न झालेल्या, पण अन्यथा तशाच असलेल्या दुसऱ्या भागात ही संख्या 20 वरून 42 झाली. पहिल्या भागातील वाढ 30, दुसऱ्यातील 22. म्हणून स्पर्धेच्या खात्यावर फार तर 8 दुकाने मांडता येतील; 30 नव्हेत. हेही तेव्हाच, जेव्हा स्पर्धा झाली नसती तर दोन्ही भागांतील वाढ सारखीच राहिली असती, असे मानण्यास सबळ आधार असेल.

4.5 क्रियापदांची पायरी

तंत्रज्ञानविषयक विधानांत क्रियापदाची निवडही महत्त्वाची असते. लंडन ऑलिंपिकची कंत्राटे लहान व्यवसायांपर्यंत पोहोचावीत, म्हणून 2008 मध्ये ‘कॉम्पीटफॉर’ हे ऑनलाइन दालन सुरू करण्यात आले. त्यासंबंधी ‘नाव नोंदविले’, ‘निविदा भरली’, ‘कंत्राट मिळाले’, ‘कामाची पद्धत बदलली’ अशी चार क्रियापदे संभवतात. प्रत्येक पुढची पायरी आधीच्या पायरीपेक्षा अरुंद असते. नोंदणीचा आकडा देऊन नवोपक्रमाचा निष्कर्ष काढणे म्हणजे पहिल्या पायरीवरून चौथ्या पायरीवर उडी घेणे होय. नवोपक्रम मोजण्यासाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रमाण मानल्या जाणाऱ्या ‘ऑस्लो मॅन्युअल’मध्येही नवे वा सुधारित उत्पादन वापरकर्त्यांना उपलब्ध होणे, अथवा नवी वा सुधारित कार्यपद्धती प्रत्यक्ष वापरात येणे, ही अट आहे.

4.6 ‘कोणाला?’ हा प्रश्न

‘लंडनला लाभ झाला’ या वाक्यातील ‘ला’ प्रत्यय एका संपूर्ण शहराला लागला आहे. ऑगस्ट 2012 मध्ये ब्रिटनला आलेल्या परदेशी पाहुण्यांची संख्या आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा सुमारे 5 टक्क्यांनी घटली. त्यांचा एकूण खर्च मात्र वाढला. म्हणजे ‘पाहुणे घटले’ आणि ‘उत्पन्न वाढले’ ही दोन्ही वाक्ये खरी आहेत. नेहमीच्या पर्यटकावर अवलंबून असलेल्या लहान दुकानदाराला पहिले वाक्य अधिक जवळचे वाटले, तर नवल नाही.

ऑलिंपिक उद्यानासाठी पूर्व लंडनमधील लोअर ली खोऱ्यातून 200 हून अधिक व्यवसाय हलविण्यात आले. ‘हलविण्यात आले’ या कर्मणी रचनेत कर्ता लुप्त आहे. आणि ‘शहराची भरभराट झाली’ या वाक्यात तर हे व्यावसायिकच लुप्त आहेत. माइक रॅको आणि एमा टनी यांनी 2010 च्या आपल्या अभ्यासात शहरविकासाच्या प्रक्रियेत असे छोटे व्यवसाय दृश्य वा अदृश्य कसे ठरतात, याचाच शोध घेतला. मायकल डिग्नन आणि इलारिया पाप्पालेपोरे यांनी ग्रिनिच येथील लहान व्यवसायांचा अभ्यास केला. प्रेक्षकांना ठरावीक मार्गांनी नेल्यामुळे गर्दी परिसरात असूनही ती दुकानांपर्यंत कशी पोहोचली नाही, हे त्यांनी दाखविले. येथे ‘मुळे’ योग्य आहे. कारण गर्दी वळविण्याची व्यवस्था आणि ओस दुकाने यांतील दुवा त्यांनी प्रत्यक्ष तपासला होता.

4.7 सारांश

‘साठी’ हेतू सांगते, ‘नंतर’ क्रम सांगते आणि ‘मुळे’ कारण सांगते. ‘मुळे’ लिहिण्यापूर्वी ‘नसती तर’ या संकेतार्थाची कसोटी लावावी. क्रियापद पुराव्याच्या पायरीइतकेच पुढे न्यावे. ‘ला’ प्रत्यय लागलेल्या समूहात कोण येते आणि कोण वगळले जाते, हे विचारावे. पुरावा अपुरा असेल, तेथे ‘नंतर’ लिहिण्यात कमीपणा नाही. संशोधकाची प्रामाणिकता अशाच ठिकाणी दिसते.

4.8 सरावासाठी प्रश्न

1. प्रतिस्थापन, विस्थापन आणि गळती या संज्ञा सोदाहरण स्पष्ट करा.
2. ‘नोंदणी वाढली, म्हणून नवोपक्रम वाढला’ या विधानातील दोष दाखवा.
3. ‘गावात कबड्डी स्पर्धा भरल्यामुळे चहाच्या टपऱ्यांवर क्यूआर कोडने पैसे घेणे सुरू झाले’ हे विधान सिद्ध करण्यासाठी आपण कोणती माहिती गोळा कराल? ती न मिळाल्यास हेच वाक्य कसे लिहाल?
4. वृत्तपत्रातील ‘मुळे’ असलेली पाच वाक्ये निवडून त्यांमागील संकेतार्थी वाक्ये लिहा.